इंदुलेखेचा कोंडा आणि गंधकाचा झरा

एका राज्यात धवलकेतु नावाचा राजा होता, आणि त्याला इंदुलेखा नावाची एकच कन्या होती. तिच्या राज्याभिषेकास महिना उरला, तेव्हा तिच्या मस्तकातून कोंडा गळू लागला. केस विंचरावे तर खांदे पांढरे होत. मुकुट ठेवून पाहावा तर खाज सुटे. राजपुरोहित म्हणाला, "हा शाप आहे. शापित मस्तकावर मुकुट शोभत नाही." दासी तिच्या फणीस शिवेनात.

राजाने केशरचना करणाऱ्या रेवंतीला बोलावले. "दोष तुझ्या हातांचा. राज्याभिषेकाच्या पौर्णिमेपर्यंत निवारण कर, नाहीतर राज्य सोड."

कालदंत जादूगाराने राजघराण्याला सोन्याचा तैलकुंभ दिला होता. तो कधी रिकामा होत नसे. रेवंतीने त्यातले तेल रोज अधिकच जिरवले. कोंडा वाढला. तेव्हा, तिथल्या पाण्याने खाज जाते असे ऐकून, ती गंधकपर्वताकडे निघाली आणि तिसऱ्या दिवशी तेथल्या पिवळ्या झऱ्याशी पोहोचली. झऱ्याची राखण एक टिटवी करीत होती.

"कोंडा कशाने होतो?" टिटवीने विचारले.

"सगळे म्हणतात, मळाने."

"मळाने नव्हे. प्रत्येक मस्तकावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते तेलावर पोसतात. तुमच्या कुंभाने ते माजले. तीन कामे करशील, तर पाणी ने."

"सांगा."

"कुंभ बंद कर. सप्ताहातून दोनदा हे पाणी मस्तकाला लाव, शंभर श्वास थांब, मग धू. आणि राजकन्येची फणी भरदरबारी स्वतःच्या केसांत घाल."

रेवंती घागर भरून परतली. राजा म्हणाला, "कुंभ हा वंशाचा ठेवा आहे. तो बंद होणार नाही."

"मस्तक माझे आहे, तात," इंदुलेखा म्हणाली, आणि तिने स्वतः कुंभाला मेण लावले. कुंभ तीन दिवस रडला, मग गप्प झाला.

पहिल्या सप्ताहात काहीच फरक पडला नाही. रेवंतीने आपले गाठोडे बांधून ठेवले, पण पाणी लावणे सोडले नाही. दुसऱ्या सप्ताहात खाज थांबली. तिसऱ्यात खांदे स्वच्छ राहू लागले.

पौर्णिमेस भरदरबारात पुरोहिताने इंदुलेखेची वाट अडवली. "शाप इतरांना लागेल."

रेवंतीने राजकन्येची फणी घेतली आणि आपले केस मुळापासून टोकापर्यंत विंचरले. दरबार पाहत राहिला. तिला काही झाले नाही. त्याच क्षणी कुंभ तडकला. आत चिमूटभर धूळ निघाली. राजाने मुकुट कन्येच्या मस्तकावर ठेवला.

"आता संपले ना?" राणी इंदुलेखेने हळूच विचारले.

"पुन्हा येऊ शकतो, राणीसाहेब. अधूनमधून पाणी लावावे लागेल."

"लावू."

राणीने पहिली आज्ञा दिली, ती झऱ्यापर्यंत वाट बांधण्याची. कोंड्यापायी कोणास शापित म्हणू नये, अशीही. वाट खुली झाली त्या सकाळी पुष्कळ माणसे घागरी घेऊन गेली. सर्वांच्या पुढे राजपुरोहित होता, पागोटे भुवयांपर्यंत ओढलेला. टिटवीने त्याला काही विचारले नाही. पाणी भरून दिले.