गाडीच्या पाठीवरची लोकर

एकदा एका तरुणाने वाऱ्याशी वैर धरले. वाऱ्याने त्याचे काही बिघडवले होते असे नाही. पण धावत्या मोटारीचे निम्मे पेट्रोल वाराच खातो असे त्याच्या कानावर आले, आणि त्या दिवसापासून त्याला दुसरा शत्रू उरला नाही.

हा तरुण खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध सुताराच्या हाताखाली काम शिकत होता. लग्नाला पाच महिने झाले होते. बायको तालुक्याच्या गावी शाळेत शिकवायची. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेना, म्हणून ती रोज सकाळी घरची जुनी मोटार घेऊन जायची आणि दिवेलागणीला परतायची. मोटार उंच, चौकोनी पाठीची आणि भारी तहानलेली. जूनच्या आत तिची तहान कमी झाली नाही, तर बायकोने तिकडेच खोली घ्यायची आणि शनिवारी घरी यायचे, असे दोघांनी जड मनाने ठरवले होते. नुकता मांडलेला संसार रविवारपुरता उरणार होता.

तरुणाने कंबर कसली. संध्याकाळी बायको मोटारीतून उतरली की तो तिच्या हातून किल्ली घेई आणि पडवीत बल्ब लावून कामाला लागे. मोटारीच्या तोंडावर त्याने पत्र्याची चोच बसवली, वारा कापायला. चोच बोथट वाटली म्हणून ती काढून आणखी लांब केली. पुढची जाळी पुठ्ठ्याने अर्धी बुजवली. चारही चाकांवर आहेरात आलेली स्टीलची ताटे ठोकली. आहेराच्या ताटावर देणाऱ्याचे नाव घालायची आपली रीत. त्यामुळे मोटार निघाली की सासर-माहेरची चार वडीलधारी माणसे जोडीला निघत.

"इंदुमतीकाकू आज घाटात फार गरगरल्या," बायको एकदा पान वाढताना म्हणाली.

"ॲव्हरेज वाढलं का, ते सांग."

"काकूंचं वाढलं असेल. गाडीचं नाही."

तो हसला नाही. उठला आणि पुन्हा पडवीत गेला.

मे तोंडावर आला तरी टाकी पूर्वीइतक्याच लवकर कोरडी पडत होती. शेवटी एका रविवारी सकाळी त्याने आपल्या वस्तादांना घरी बोलावले.

"वस्ताद, चोचीला अजून किती धार लावू?"

म्हाताऱ्याने चोचीकडे पाहिलेसुद्धा नाही. तो सरळ मोटारीच्या पाठीमागे गेला आणि तिथे, कुणाला भेटायला आल्यासारखा, बराच वेळ उभा राहिला. मग त्याने दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या बायकोला विचारले, "पोरी, घरात लोकर आहे का गं?"

ती आत गेली आणि अर्धा विणलेला तांबडा मफलर घेऊन आली. सुया काढून तिने तो उसवायला सुरुवात केली.

"अगं, हा कुणाचा?" तरुणाने विचारले.

"तुमचाच. पहाटे खाडीवर जाता, म्हणून. पण आधी गाडीला थंडी वाजतेय म्हणे."

म्हाताऱ्याने तिच्याकडून लोकरीचे वीतभर तुकडे करून घेतले आणि चिकटपट्टीने एकेक धागा मोटारीवर लावला. चोचीवर, टपावर, दोन्ही कुशींवर आणि सर्वांत दाट मागच्या काचेवर. पाऊण तासाने मोटार एखाद्या नवसाच्या झाडासारखी दिसू लागली. वस्तादांचे वय झाले, हे तरुणाच्या मनात प्रथमच आले.

"दृष्ट लागू नये म्हणून का हो? मग बिबाही बांधू."

"गप. गाडी सूनबाई चालवेल. तू मला मोटारसायकलवर घे आणि तिच्या मागे राहा. पुढे जायचं नाही."

गावाबाहेर सड्याच्या उघड्या माळावरचा रस्ता सरळ होता आणि त्या वेळी निर्मनुष्य. मोटारीने वेग घेतला, आणि जे आजवर नुसते अंगाला लागत होते ते तरुणाला डोळ्यांनी दिसू लागले. टपावरचे आणि कुशींवरचे सारे धागे एकाएकी आडवे निजले होते. प्रवाहातल्या शेवाळासारखे एका दिशेने, एका लयीत, किंचितही न थरथरता. त्याने मोटारसायकल क्षणभर शेजारी नेली. चोचीवरचे धागेही तसेच शांत. ज्या वाऱ्याशी तो चार महिने झुंजला, तो वारा समोरून येऊन मुकाट्याने बाजूला होत होता.

"मागे ये," म्हातारा कानाशी म्हणाला.

आणि मागे मात्र थैमान चालले होते. काचेवरचे धागे वर उसळत, खाली कोसळत, गरगर फिरत. कित्येक तर उलटे होऊन गाडीलाच बिलगू पाहत होते. एवढे वादळ रोज या गाडीच्या पाठीवर स्वार होते, आणि तरुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढे एका वडाखाली ते थांबले. म्हातारा सावकाश उतरला.

"पुढचा वारा कापावा लागत नाही रे," तो म्हणाला. "वाट दिली की तो जातो. माशाचं तोंड बघ, बोथट असतं. निमुळती असते ती शेपूट. आपण पुढे सरकलो की आपल्या मागे पोकळी राहते. ती अलगद भरून आली नाही, तर आपल्याला मागे ओढत राहते. तुझं पेट्रोल त्या पोकळीने खाल्लं. तू मात्र चार महिने चोचीला धार लावत बसलास, कारण चोच समोर दिसते."

बायको मोटारीतून उतरून सुटलेला एक धागा बोटाला गुंडाळत होती. तिला मोटार घेऊन जाताना आज आपण पहिल्यांदाच पाहिले, हे तरुणाच्या ध्यानात आले.

"मफलर कधी विणायचीस?" त्याने हळूच विचारले.

"तुम्ही किल्ली घेऊन पडवीत गेलात की. दुसरं काय करणार?"

ती रोज घरी यावी म्हणून त्याने हा खटाटोप मांडला होता. आणि ती रोज घरी येत होती, त्या वेळी घरात तो नव्हता.

त्यानंतर पडवीतला बल्ब फक्त रविवारी, तोही भरदिवसा ढगांनी काळोख केला तरच लागू लागला. वेताच्या सांगाड्यावर शिडाचे कापड ताणून दोघांनी मिळून मोटारीला निमुळती पाठ केली. ती वेत वाकवून धरी, तो बांधी. दिवे आणि नंबरपाटी झाकायची नाही, ही तिची अट. चोच भंगारात गेली, इंदुमतीकाकू स्वयंपाकघरात परतल्या. जून आला, शाळा उघडली, टाकी चांगली दोन दिवस जास्त पुरू लागली, आणि तालुक्याच्या गावी खोली घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तो रोज सकाळी खाडीवरून घटकाभर घरी येतो आणि फाटकाशी उभा राहून मोटार वळणापर्यंत जाताना पाहतो. त्या नव्या पाठीच्या टोकावर एक तांबडा धागा त्याने मुद्दाम ठेवला आहे. मोटार वेग घेते, तेव्हा तो शांत निजलेला असतो.