दसऱ्याचा रंग

फार जुनी गोष्ट आहे, आणि ती डिझेल जीप निळी होती की हिरवी, हा वाद पुढे बरीच वर्षे चाले. दौलतरावांनी दसऱ्याच्या पूजेआधी हौसेने तिला नवा रंग दिला. त्यानंतर चावी फिरवली की नुसते ‘टक्’ वाजे; इंजिन काही उठेना.

“मी काठोकाठ भरलेय, दिवे बघ कसे लख्ख आहेत!” बॅटरी म्हणाली. “तूच थकलास, आजोबा.”

“असेल बाई, माझंच चुकत असेल,” इंजिनाला पहिला फेरा देणारा म्हातारा स्टार्टर पुटपुटला.

गुलाबभाई मेकॅनिक नवा स्टार्टर घेऊनच आले होते. पण जुना खोलण्याआधी त्यांनी एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला टेकवली.

“मारा चावी, दौलतराव!”

स्टार्टर गर्रकन फिरला, इंजिन धडधडले. स्टार्टरचा स्वतःवरच विश्वास बसेना.

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि इंजिन जोडणारी अर्थिंगची वायर रडवेली झाली. “मी घट्टच धरलं होतं रे. पण मालकांनी माझ्या बोल्टाखालीही रंग फासला. त्यातून वीज परत जाईना, आणि दोष तुझ्या माथी आला.”

गुलाबभाईंनी तेवढी जागा घासून लख्ख केली.

कित्येक वर्षांनी जीप मोडीत निघाली, तेव्हा पोपडे उडालेल्या पत्र्यावर दोन्ही रंग दिसले आणि वाद मिटला. वरचा रंग निळा होता, खालचा हिरवा. स्टार्टर मात्र तोच होता.