आम्ही आहोत ना!

फार फार वर्षांपूर्वी, माळावरच्या उत्सवाच्या बैठकीत टिटवीला एक गोष्ट खटकली. काम काय ते तिने सांगण्याआधीच सगळे म्हणाले, “हो हो, आम्ही आहोत ना!”

फक्त तळ्यातल्या कासवदादांनी विचारलं, “काय आणायचं, आणि कधी?”

“मांडवावर घालायला लव्हाळं. परवा सकाळी.”

“दादा, तुम्ही आत्ताच निघा, म्हणजे पोचाल!” माकड म्हणालं, आणि सगळे खो-खो हसले. दादा उठून गेले.

परवाची सकाळ उजाडली. उत्सव पहिल्यांदाच टिटवीकडे आला होता! ती आनंदाने नुसती नाचत होती. पण दुपारी दूरदूरचे बगळे येणार होते आणि मांडवाचे नुसते खांबच उभे होते. एवढ्या उन्हात पाहुणे थांबणार कसे? पान पडलं तरी ती दचकून बघायची. माकडाचा निरोप आला, “जरा डोळा लागला.” मोराचा आला, “पिसारा आवरतोय.”

शेवटी दगडावर चढून तिने जीव खाऊन हाक मारली, “अहो, कुणी आहे का?”

“आहे गं!” उताराखालून धापा टाकत आवाज आला. “त्याच दिवशी निघालो. पाठीवर लव्हाळं आहे, मागून घरचे सगळे येतायत. आधी कुठली बाजू झाकायची, ते सांग!”