शाळेची वाट देटक्यांच्या दारावरून

“…पण पोरंच नाहीत, गुरुजी, तर शाळा ठेवायची कुणासाठी?”

जोतिराम उदुगडे उंबऱ्याबाहेरच उभा होता. कारवटवाडीचा सरपंच. डोक्याला नवा फेटा, दारात जीप.

थोड्याच वेळात शाळेच्या पडवीत सभा होती. शाळा चालू ठेवायची, की बंद करून मुलांना घाटाखालच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, याचा ठराव पंचायतीने करायचा होता. पंचांत दोन तट पडले होते आणि दोन्ही सारखेच. सरपंचाचं मत जिकडे पडेल तिकडे निकाल.

नेमगोंडा गुरुजी शेंगा फोडत बसले होते. मूळचे कृष्णाकाठचे. नोकरीला इथे आले आणि निवृत्तीनंतरही राहिले. बायको वारली तेव्हा मुलाने न्यायला गाडी पाठवली होती. ती रिकामी परत गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. वाडीनेही विचारलं नाही.

“आत ये की.”

“वेळ नाही, गुरुजी. फक्त तुमचा आशीर्वाद हवा. उद्या कुणी म्हणायला नको, जोत्याने गुरुजींना न विचारता शाळा मोडली.”

“म्हणजे मोडणार.”

“मोडत नाही, हलवतोय. खाली प्रयोगशाळा आहे, मैदान आहे. गाडी मी देतो, पदरच्या पैशाने. याच शाळेत शिकून मी वाडीतला पहिला इंजिनियर झालो. मला शाळेचं प्रेम नाही, असं कोण म्हणेल?”

“कुणी नाही.”

“मग? यंदा पहिलीत एकसुद्धा पोर आलं नाही.”

गुरुजींनी एक शेंग फोडली. दाणे ताटलीत टाकले.

“आलं नाही, की आणलं नाही?”

जोतिरामने जीपकडे पाहिलं.

कारवटवाडीची एक रीत आहे. पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी आईबापांबरोबर शाळेत जात नाही. ज्या घराशी आपलं बोलणं नाही, त्या घरच्या कर्त्या माणसाने यायचं, पोराला खांद्यावर बसवायचं आणि शाळेच्या दारात नेऊन उतरवायचं. भांडण मिटवायची अट नाही. परत जाताना तोंड फिरवलं तरी चालतं. ज्यांचं कुणाशीच वाकडं नाही, त्यांची पोरं गुरुजी स्वतः आणत. असं घर त्यांना उभ्या नोकरीत क्वचितच सापडलं.

यंदा पहिलीच्या वयाचं एकच पोर होतं. सर्जेराव देटक्याची मुलगी, ईश्वरी. आणि देटक्यांचं बोलणं बंद होतं ते उदुगड्यांशी. भैरोबाची पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची, यावरून.

तेव्हा जायचं होतं जोतिरामने. तो गेला नव्हता. सर्जेरावनेही मुलगी पाठवली नव्हती.

“त्यानं पाठवायची होती,” जोतिराम म्हणाला. “हाकेच्या अंतरावर शाळा. पोरीला पाय आहेत.”

“तुला नव्हते?”

जोतिरामने फेटा सारखा केला.

“तुला कुणी आणलं होतं?” गुरुजींनी विचारलं.

“…त्याच्या बापानं. तात्यांनी.”

“तेव्हा ओढ्याच्या पाण्यावरून तुमचं कोर्टात चाललं होतं.”

“व्हय.”

“त्यांचा धुतलेला सदरा तू वाटेत ओला केलास. मानेपासून खालपर्यंत.”

जोतिरामला हसू आलं. त्याने ते दाबलं.

“गुरुजी, तेव्हाचं वेगळं. आता मी सरपंच आहे. भर आळीतून त्याची पोर खांद्यावर घेऊन गेलो, तर लोक म्हणतील उदुगडे वाकला.”

“म्हणतील.”

“तो सर्जेराव मिशीला पीळ देईल.”

“देईल. मिशी आहे त्याला.”

गुरुजींनी ताटली बाजूला सारली. हात झटकले.

“मला सभेला यायचंय. गुडघे साथ देत नाहीत. नेशील?”

“दारात गाडी आहे की.”

“गाडीत मला मळमळतं.”

जोतिराम वाकला. गुरुजी त्याच्या पाठुंगळी बसले.

आळीतून चालताना जोतिरामची मान ताठ होती. गुरुजींना पाठीवर नेण्याचा मान वाडीत आजवर कुणाला मिळाला नव्हता. माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. नळावरची यमुनाकाकू ओरडली, “सरपंच, पेलवतंय न्हवं? का लावू हात?”

“काकू, असे दोन नेईन!”

चावडीपाशी गुरुजी त्याच्या कानाशी म्हणाले, “डावीकडे.”

“ती वाट देटक्यांच्या दारावरून जाते.”

“ठाऊक आहे.”

“उजवीकडून जवळ पडतं.”

“मला घाई नाही.”

जोतिराम तिथेच उभा राहिला. अखेर तो डावीकडे वळला.

देटक्यांच्या ओट्यावर ईश्वरी बसली होती. निळा गणवेश, दोन वेण्या, मांडीवर दप्तर. शाळा उघडल्यापासून ती रोज सकाळी अशी बसायची. शाळा सुटायच्या वेळेला गणवेश काढून घडी घालून ठेवायची. वाडीला हे माहीत होतं. जोतिरामलाही माहीत होतं. त्याने पाहिलं मात्र आज.

सर्जेराव दारात आला. हात मिशीकडे गेलाच.

“या सरपंच. शाळेच्या आधी मास्तरच घाटाखाली पोचवायला निघालात का?”

“मी पोर घरात कोंडून तर ठेवली नाही.”

“कोंडली न्हाई. माझी पोर रीतीनं जाईल. तिच्या आज्यानं तुला न्हेला, तसं कुणी येईल तवा जाईल. न्हाई आलं तर न्हाई.”

“आणि शाळा बंद पडली तर?”

“तर ती तू पाडली. माझ्या पोरीनं न्हाई.”

“जोतिराम,” गुरुजी म्हणाले, “मला उतरव.”

तो वाकला. गुरुजी ओट्यावर ईश्वरीच्या शेजारी टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

शाळेकडून टोले ऐकू आले. सभेला माणसं जमली होती. सरपंचाची वाट बघत होती.

सर्जेरावचा हात मिशीवरून खाली आला.

जोतिराम दोन पावलं पुढे आला. ओट्याकडे पाठ करून उकिडवा बसला.

ईश्वरीने बापाकडे पाहिलं. बाप गोठ्याकडे बघत होता.

“फेटा काढ,” तिकडेच बघत सर्जेराव म्हणाला. “पोर घसरंल.”

जोतिरामने फेटा काढला. ठेवायला जागा दिसेना. सर्जेरावने हात पुढे केला.

ईश्वरी खांद्यावर चढून बसली. दप्तर त्याच्या कानावर आदळलं.

“केस धरू?”

“धर. घट्ट धर.”

जोतिराम उठला. गुरुजींना घेऊन चालताना होती, त्याहून त्याची मान आता ताठ होती. अंगणाच्या पायरीशी जाऊन तो वळला.

“आणि तुम्ही, गुरुजी? तुम्हाला शाळेत कोण आणणार?”

गुरुजींनी डोळे उघडले. सर्जेराव दोन्ही हातांत फेटा धरून उभा होता. गुरुजींनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

“माझं या सर्जेरावशी आजपासून बोलणं बंद.”