काकीच्या वाट्याचं पाणी

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तुमच्या पणजीची पणजीसुद्धा पाळण्यात नव्हती, तेव्हाची. समुद्राजवळच्या एका गावात सगळ्यांच्या केळीच्या वाड्या होत्या आणि विहीर मात्र एकच. तिचं पाणी पाटानं फिरायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या वाडीत जायचं.

त्या गावात कैतान नावाचा शेतकरी राहत होता. त्याच्या वाडीपलीकडे रेमेतकाकीची वाडी. काकी विधवा, एकटी, डोळ्यांनी अधू. केळी पिकली तरच तिची चूल पेटायची. तिच्या पाळीचं पाणी कैतानच्या बांधाच्या कडेनंच पुढे जाई.

एका रविवारी सगळा गाव चर्चमध्ये असताना कैतानला दुर्बुद्धी सुचली. त्यानं एक पोकळ बांबू बांधात पुरला आणि वर गवत पसरलं. तेव्हापासून काकीचं निम्मं पाणी गुपचूप त्याच्या केळींना मिळू लागलं.

पण माणूस काही अगदीच दगड नव्हता हो! त्याचं मन त्याला खाऊ लागलं. उपवासकाळ आला तसं त्यानं मासे सोडले, अनवाणी फिरला, मनगटाएवढी जाड मेणबत्ती लावली. पाप कबूल करायला फादरपुढे गुडघे टेकले की ढसाढसा रडायचा.

"मी फार पापी आहे, फादर!"

"काय केलंस, बाळा?"

"सगळंच!"

घ्या! सगळंच म्हटलं की एकही सांगायला नको. रडून झालं की त्याला तेवढ्यापुरतं हलकं वाटे. घरी जाताना वाटेत तो बांध लागे, तेव्हा हा मान फिरवून पुढे जाई. लोक मात्र म्हणत, "काय भाविक माणूस आहे!"

एके दिवशी काकी काठी टेकत त्याच्या दारात आली. चेहरा अगदी उतरलेला.

"कैतान, बाबा, तू देवापुढे एवढा रडतोस, तुझं ऐकेल तो. माझ्यासाठी दोन शब्द टाक."

"का गं काकी, काय झालं?"

"माझी केळी करपली रे. सगळ्यांची हिरवीगार, माझीच तेवढी वाळतात. देव रागावलाय माझ्यावर. माझ्या हातून काय पाप घडलं ते रोज आठवत बसते, पण आठवतच नाही. तेवढं विचार त्याला. कळलं की क्षमा मागेन."

कैताननं हात जोडले, डोळे मिटले. आणि नवल म्हणजे, डोळ्यांत टिपूसही येईना! खरं सांगावं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. न सांगावं, तर ही म्हातारी नसलेलं पाप शोधत मरणार होती.

त्यानं कुदळ उचलली. "काकी, चल माझ्याबरोबर."

बांधावर तिच्यासमोरच त्यानं खणलं आणि तो ओला बांबू उपसून तिच्या पायाशी ठेवला.

"पाप तुझं नाही काकी, माझं आहे. तुझं पाणी मी चोरलं."

काकीनं बांबू चाचपला, आत बोट घालून पाहिलं. कैतान शिव्यांची वाट पाहत उभा राहिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "देव माझ्यावर रागावला नव्हता तर!" आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. मग काठी उगारली. "आणि तू रे मेल्या! माझ्या पोटावर पाय देऊन मेणबत्त्या लावत होतास होय? आधी ते भोक बुजव!"

"बुजवतो. आणि तुझी वाडी हिरवी होईपर्यंत माझी पाळीही तुझीच."

"बघते हं मी!" काकी म्हणाली, पण काठी केव्हाच खाली आली होती.

पुढच्या खेपेला कैताननं फादरना एकच पाप सांगितलं, अगदी बांधाच्या जागेसकट.

फादरनी विचारलं, "आज रडला नाहीस?"

"सवड कुठे मिळाली, फादर? काकीच्या वाडीत पाणी लावून येतोय."

फादर हसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवानं तुला क्षमा केली. जा शांतीनं."

त्या वर्षी कैतानचे घड बारके निघाले. गावात काहीजण त्याला टोमणेही मारत. पण काकीनं आपल्या वाडीतला पहिला घड त्याच्याच दारात आणून ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी कैतानला जेवण गोड लागलं.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, नुसतं रडणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. आपलं पाप नाव घेऊन कबूल करावं, बिघडवलेलं आपल्या हातानं नीट करावं, आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये.