जिऊबाईचा उजवा हात

किती पिढ्यांपूर्वीचं आहे ते विचारू नका, आमच्या आंबेटेकात कुणालाच ते सांगता येत नाही. घाटाच्या पायथ्याशी गाव होतं, गावाची ज्वारी होती आणि ज्वारीत माळ्यावर उभी राहून पाखरं हाकणारी जिऊबाई होती. तिच्या गोफणीचा दगड उडत्या माशीलाही चुकत नसे, असं म्हणतात. माशीचं सोडा, पाखराला चुकत नसे एवढं नक्की.

दर कार्तिकात उत्तरेकडून ससाणे येत आणि डोंगराच्या सोंडेवरून समुद्राकडे जात. ते कोंबड्या पळवतात, असा गावाचा पक्का समज. म्हणून ते दिसले की सगळे गोफणी घेऊन सोंडेवर चढत, आणि सगळ्यांच्या पुढे जिऊबाई.

एका वर्षी थव्याच्या पुढं आलेला पहिलाच ससाणा तिनं पाडला. एरवी पाडलेली पाखरं खाली दरीत जात, हे मात्र तिच्या पायाशी पडलं. उचलून पाहते तर पारव्याएवढं पाखरू. ते कसली कोंबडी नेणार! त्याच्या गळ्याखालची पिशवी मात्र टम्म फुगली होती. तिनं ती चिरली, तर आत नुसते टोळ, नुकतेच गिळलेले. जिऊबाईनं वळून शिवाराकडे पाहिलं. टोळ जवळच कुठंतरी होते आणि गावाचं वर्षाचं धान्य अजून शेतात उभं होतं.

"गोफणी खाली ठिवा रं!" ती ओरडली. "ही पाखरं टोळ खात्यात. ह्यास्नी हितं उतरू द्या, न्हाईतर ज्वारी गेली समजा."

पाटील हसला. "एक पाखरू मारलंस आन् लगी दया आली व्हय? हो बाजूला, जिऊ."

तोवर थवा आलाच. हजारो ससाणे! चाळीस गोफणी गरगरल्या. जिऊबाई टोकाच्या खडकावर चढली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. तरी एक दगड सुटला आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला. दगड कुणाचा, ते गावानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनं डावा हात खाली घेतला नाही, असं म्हणतात. गोफणी मात्र खाली आल्या.

थवा घिरट्या घालत उतरला. गावातलं एकही झाड रिकामं राहिलं नाही. पाळण्यातली पोरंसुद्धा रडायची थांबली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळधाड आली. ऊन दिसेनासं झालं. आणि झाडाझाडांवरून ससाणे एकदम उठले. देवा, काय ते दृश्य असेल! सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो. ते उडता उडता पायात टोळ धरत आणि वरच्या वर खात. दुपारपर्यंत शिवारात टोळांचे पंख भुसासारखे पडत होते, गुडघाभर साचले, असं म्हणतात. कडेच्या दोन पट्ट्या गेल्या, बाकी ज्वारी वाचली. मग ससाणे समुद्राकडे निघून गेले.

जिऊबाईचा हात पुन्हा उठला नाही. डाव्या हातानं खाईन म्हणायची, पण कुणी ऐकलं नाही. गावानं पाळी लावली आणि ती होती तोवर रोज एका घरानं तिला घास भरवला. पहिली पाळी पाटलानं मागून घेतली होती.

आजही कार्तिकात पहिला ससाणा दिसला की आंबेटेकात गोफणी खुंटीला लागतात. त्या दिवशी पाखरांनी खुशाल दाणे खावेत. गावातला सगळ्यात नेमबाज माणूस उजवा हात उपरण्यात बांधून सोंडेवरच्या खडकावर बसतो आणि गाव त्याला भरवतं. त्यानं फक्त आभाळाकडे पाहायचं. घास कुणाच्या हातचा, ते बघायचं नाही.