तिळू मुंगी आणि काड्यांचं विमान

एक होती मुंगी. तिळाएवढी, म्हणून नाव तिळू.

तिळूला होते दोन पंख. एक दिवस काय झालं? पंख गळून पडले. टप्. टप्. मुंग्यांचे पंख गळतातच. पण तिळूला फार वाईट वाटलं. चालता येतं हो, सहा पाय आहेत. पण उडण्याची मजा ती उडण्याचीच.

गजामामा खेळण्यातली विमानं बनवायचा. त्याच्या ओसरीवर एक अर्धवट विमान होतं. पातळ पातळ, हलक्या काड्यांचं. तिळू गेली तुरू तुरू.

"विमानदादा, विमानदादा, तू उड. विमान उडेल, मग मी उडेन."

विमान म्हणालं, "माझ्या नुसत्या काड्या. वारा जातो आरपार. कागद चिकटला, तर उडेन."

तिळू गेली तुरू तुरू. पतंगाचा लाल कागद, सळ सळ.

"कागददादा, कागददादा, तू चिकट. कागद चिकटेल, विमान उडेल, मग मी उडेन."

कागद म्हणाला, "कोरडा कसा चिकटू? खळ लागली, तर चिकटेन."

तिळू गेली तुरू तुरू. वाटीत पिठाची खळ, बुळबुळ बुळबुळ.

"खळताई, खळताई, तू लाग. खळ लागेल, कागद चिकटेल, विमान उडेल, मग मी उडेन."

खळ म्हणाली, "वाटीतून निघू कशी? कुंचला हलला, तर लागेन."

तिळू गेली तुरू तुरू. कुंचला आडवा, केस पिंजारलेले.

"कुंचलादादा, कुंचलादादा, तू हल. कुंचला हलेल, खळ लागेल, कागद चिकटेल, विमान उडेल, मग मी उडेन."

कुंचला म्हणाला, "मला कुठे हात आहेत? मामा उठला, तर हलेन."

तिळू गेली तुरू तुरू. मामा झोपलेला, तोंडावर पेपर घेऊन.

"गजामामा, गजामामा, तू उठ. मामा उठेल, कुंचला हलेल, खळ लागेल, कागद चिकटेल, विमान उडेल, मग मी उडेन."

मामा म्हणाला, "खुर्रर्र."

आता काय करावं? तिळू चढली मामाच्या तळपायावर. चावली नाही हं. तिळू गुणाची पोर. नुसती चालली. गुदू गुदू. गुदू गुदू.

मामा उठला, हसत हसत. मामा उठला, कुंचला हलला. कुंचला हलला, खळ लागली. खळ लागली, कागद चिकटला.

पण विमान काही उडेना. कागद पडला ढिला. सुरकुत्याच सुरकुत्या.

मामाने तोंडात पाणी घेतलं. आणि कागदावर, फुर्रर्र!

अगं बाई. कागद भिजला. लोंबायला लागला. तिळूला रडूच आलं. "मामा, तू सगळं बिघडवलंस."

मामा म्हणाला, "थांब गं बाय. ओला कागद वाळू दे. वाळला की आवळतो."

तिळू थांबली. थांबणं भारी कठीण. ऊन आलं ओसरीवर. एक सुरकुती गेली. दुसरी गेली. सगळ्या गेल्या. मामाने कागदावर टिचकी मारली. टण्!

तिळू बसली विमानाच्या पाठीवर. मामाने विमान दिलं सोडून. सूंऽऽऽ. चिकूच्या झाडावरून. पाण्याच्या टाकीवरून. वारा लागला तिळूच्या पोटाला. विमान उडालं, तिळू उडाली.

मग विमान उतरलं गवतात, अलगद. मामा म्हणाला, "उतरा तिळूबाई."

तिळू काही उतरेना. सहाही पायांनी घट्ट धरून बसली आणि म्हणाली, "अजून एकदा."